सोन्याच्या पात्याचे वल्हे

एका राज्यात एक तळे होते. खरे तर तळ्याच्या काठाने राज्य होते असेच म्हणायला हवे, कारण तळे आधीचे आणि राजे मागाहून आलेले. त्या तळ्याला मौनसर म्हणत. पाणी काळे, आणि खोल इतके की दगड बांधून सोडलेला दोर संपे पण तळ लागत नसे. वारा कितीही सुटला तरी त्यावर लाट उठत नसे. काठची माणसे त्या पाण्यात भात शिजवीत, गुरे धूत, कपडे बडवीत, पण त्याच्याकडे पाठ करून कोणी बसत नसे. का, असे विचारले तर हसून विषय बदलत.

त्या राज्यात ज्याचे त्याचे वल्हे असे. मूल जाणते झाले की सुतार त्याला काठावर उभे करी, हात डोक्यावर सरळ उंच करायला लावी आणि बोटे जिथे वळतील तिथे मूठ बसवी. ते वल्हे मग जन्माचे. माणूस मेला की त्याच्याबरोबर चितेवर जाई. घर, शेत, दागिने, भांडणे, सगळे वारसाने येई. वल्हे मात्र येत नसे. भावाचे वल्हे भाऊसुद्धा हातात घेत नसे.

आणि राजाची रीत तर आणखीच निराळी. राजा होडीत बसत नसे. राज्याभिषेकाच्या दिवशी तो सागाच्या एका रुंद फळीवर उभा राही. तिला राजफळी म्हणत. उभ्यानेच वल्हवीत तो तळ्याच्या मध्यावरच्या बेटापर्यंत जाई, तिथल्या शिळेला हात लावी आणि उभ्यानेच परत येई. मध्येच बसला तर तो राजा नव्हे, परत आल्यावर त्याला मुकुट नाही, असा दंडक होता.

प्रचंडसेन राजा मेला तेव्हा चिता चंदनाची रचली होती आणि त्याचे वल्हे शेजारी आणून ठेवले होते. हा राजा धिप्पाड, आपल्याच महालाच्या दारातून वाकून येणारा. त्याचे वल्हेही तसेच उंच, आणि त्याच्या पात्याला जाड सोन्याचा पत्रा. ते सोने त्याने तरुणपणी पाणबुड्यांकरवी मौनसरातून वर काढवले होते. कुणाचे, कधीचे, ते कोणी विचारले नाही. सोने दिसले की असले प्रश्न सुचत नाहीत.

प्रधान गुणवर्धन पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, लाकूड जाळावे. सोने कसे जाळावे?"

नवा महाराज म्हणजे धवलसेन. विशीतला, अंगाने लहानखुरा, बापाच्या खांद्यालाही न लागणारा. त्याने ते वल्हे उचलले आणि म्हणाला, "हे जाळू नका. अभिषेकाला मी हेच घेईन."

त्याची थोरली बहीण मेदिनी तिथेच उभी होती. आई गेल्यापासून धवलला तिनेच वाढवले होते, कडेवर घेऊन, घास भरवून, प्रसंगी धपाटे घालून. तिने ते वल्हे त्याच्याशेजारी उभे धरले आणि त्याला हात वर करायला लावला. त्याची बोटे मुठीपर्यंत पोचलीच नाहीत. मूठ त्याच्या हाताच्याही वर हातभर उरली.

"धवल, हे तुझ्या मापाचे नाही."

"ताई, काठावर उभी राहणारी माणसे माप बघत नाहीत. सोने बघतात."

"आबासाहेबांचे वल्हे आबासाहेबांबरोबर जायला हवे."

"आबासाहेब गेले. त्यांचे एवढे तरी माझ्याजवळ राहू दे."

मेदिनीने वल्हे त्याच्या हाती परत दिले. आईची एखादी वस्तू आपल्याजवळ असती तर आपणही ती जाळू दिली नसती, हे तिला ठाऊक होते.

अभिषेकाच्या सकाळी सारे राज्य काठावर लोटले. धवलसेन राजफळीवर उभा राहिला, त्याने वल्हे पाण्यात घातले आणि ते सोनेरी पाते एकदा चमकले. वल्हे उंच पडत असल्याने वरचा हात त्याला कानापलीकडे न्यावा लागे, त्यामुळे प्रत्येक ओढीला फळी थोडी वाकडी होई. लोकांच्या ते ध्यानात आले नाही. ते जयजयकार करीत होते. बेटाजवळ पांढरे धुके उतरले, राजा त्यात शिरला आणि मग बाहेर आला नाही.

संध्याकाळी धुके विरळ झाले तेव्हा तो दिसला. बेटाभोवती वल्हवीत होता. एकाच बाजूने, गोल, गोल, न थांबता. लोकांनी हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तो तसाच दिसला, तिसऱ्याही. मग कुणाच्या तरी लक्षात आले की त्याचे केस पिकू लागले आहेत.

आणि राज्यातले आवाज जाऊ लागले.

आधी पाणी ओतण्याचा आवाज गेला. बायका माठात घागर रिकामी करीत आणि माठ भरला की नाही ते वाकून बघत. मग रहाट मुके झाले. मग देवळातली घंटा. भटजी दोरी ओढी, लोलक आपटताना दिसे, आणि तो वर बघत राही. मग तान्ह्या मुलांचे रडणे गेले. मुले तोंड उघडून रडत, लालबुंद होत, आणि आई पाठमोरी भाकरी थापत असे, कारण ऐकूच येत नसे. तेव्हापासून आया मुलांकडे तोंड करून काम करू लागल्या. माणसांचे बोलणे तेवढे उरले होते, पण तेही आता भिंतीपलीकडून आल्यासारखे दबके येई.

गुणवर्धनाने राज्यातले सर्वांत बळकट नावाडी रुंद पात्याची वल्ही देऊन पाठवले. त्यांतले बरेच अर्ध्या वाटेवरून परतले, काळेठिक्कर पडून. तिथून पुढचे पाणी पाते धरून ठेवते, असे ते म्हणाले. काही परतलेच नाहीत. त्यानंतर कोणी पाण्यात उतरायला तयार होईना.

मेदिनीला पाण्याचे भय होते. तिची आई मौनसरातच गेली होती. जत्रेच्या दिवशी होडी कलली, देह दोन दिवसांनी काठाला लागला, वल्हे मात्र सापडले नाही. तेव्हापासून मेदिनीने घोट्याच्या वर पाणी लागू दिले नव्हते आणि स्वतःचे वल्हेही कधी करून घेतले नव्हते. पण आता ती रोज संध्याकाळी काठावर येऊन उभी राही. धवलचा वाकत चाललेला पाठीचा कणा तिला दिसे, आणि घरी परतल्यावर तिला घास गिळवत नसे.

एका संध्याकाळी काठावरच्या खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसला होता. तो म्हणाला,

"राजकन्ये, भाऊ हवा का?"

"हवा."

"मग ऐक. सोने तळाचे होते. तुझ्या बापाने नेले. वल्हे त्याच्या मापाचे, म्हणून तो हयात असेपर्यंत तळ्याने काही केले नाही. आता ते परक्याच्या हातात आहे. ज्याच्या मापाचे नाही त्याच्या हातून ते सुटत नाही. त्याचे वय संपेपर्यंत ते त्याला वल्हवायला लावील आणि मग तळाशी नेईल."

"ते सुटावे कसे?"

"त्याच्या मापाचे, जिवंत लाकडाचे वल्हे त्याच्या हातात पडले तर सुटेल. तळ्याच्या टोकाला लव्हाळ्यात धूम्रा राहते. ती वल्ही घडवते."

"तू हे का सांगतोस?"

"मासे मुके झाले," पाणकावळा म्हणाला. "उडी मारली की सळसळ होत नाही. मला ऐकून मारायची सवय आहे. मी उपाशी आहे."

मेदिनीने काठाकाठाने वाट धरली. पाणकावळा पुढे पुढे उडत गेला. लव्हाळी तिच्या डोक्याइतकी वाढली होती आणि अंगाला घासत असूनही त्यांचा सळसळाट नव्हता. शेवटी एक लांबट, बिनखिडक्यांची झोपडी दिसली. दारात एक बाई रंधा मारीत बसली होती. ती तरणीही नव्हती आणि म्हातारीही नव्हती. तिच्या मांडीवरून लाकडाच्या सोली खाली पडत होत्या आणि त्यांनाही आवाज नव्हता.

"बाई, मला माझ्या भावासाठी वल्हे हवे."

"तिथपर्यंत तू कशाने जाशील?" धूम्राने विचारले.

हे मेदिनीच्या मनात आलेच नव्हते.

"तुलाही वल्हे हवे," धूम्रा म्हणाली. "तीन वेळा निवड करावी लागेल. चुकलीस तर तुझे वल्हे माझ्या भिंतीला लागेल. आत ये."

आत भिंतीला टेकून वल्ही उभी होती. शेवट दिसत नव्हता, एवढी. जी चितेवर गेली नाहीत, तळ्याने ठेवून घेतली, ती सगळी इथे येत. काहींच्या मुठीवर अजून ओल होती. मेदिनी पुढे सरकली तशी ती कुजबुजू लागली. मी हलके आहे, मी मजबूत आहे, मला वाट ठाऊक आहे, मला घे. बाहेर सगळे राज्य मुके होत असताना इथे मात्र प्रत्येक आवाज स्वच्छ होता, आणि तेच जास्त भयंकर होते.

"यातले एक घे," धूम्रा म्हणाली. "ही पहिली निवड."

मेदिनी एकेक वल्हे शेजारी उभे करी आणि हात वर करून बघे. एक फार लांब, एक आखूड. एकाचा दांडा इतका जाड की बोटे भिडेनात. एकाची मूठ झिजून कलली होती. मग तिने एक उचलले आणि हात वर केला, तर बोटे अगदी अलगद मुठीवर वळली. वजन बेताचे, दांडा हाताला सुखद. जसे काही तिच्यासाठीच घडवले होते.

"मेदू," ते वल्हे म्हणाले. "केवढी झालीस ग. माझ्याएवढीच झालीस."

मेदू म्हणणारे एकच माणूस या जगात होऊन गेले होते. मेदिनीने ते वल्हे छातीशी धरले आणि ती रडली. भाकरीच्या पिठाचा, ओल्या केसांचा वास आला, खरेच आला.

"चल, मी नेते तुला," आईचा आवाज म्हणाला. "मला वाट माहीत आहे."

मेदिनीला जायचे होते. धवलसाठीसुद्धा नव्हे, नुसते त्या आवाजाबरोबर. पण तिला हेही कळत होते की आईला जी वाट माहीत आहे ती होडी कलली तिथे संपते. धवलने आबासाहेबांचे वल्हे का सोडले नाही, ते तिला तेव्हा पुरते कळले. ती त्याला मनातल्या मनात वेडा म्हणत आली होती. आता म्हणवेना.

"आईसाहेब," ती म्हणाली, "माप जुळते आहे. पण वल्हे तुमचे आहे."

तिने ते होते तिथे टेकवले. मागून हाक येत राहिली. ती रिकाम्या हाताने बाहेर आली.

धूम्राने रंधा खाली ठेवला. "एकही घेतले नाहीस?"

"यातले एकही माझे नाही."

"बरोबर," धूम्रा म्हणाली, आणि तिला झोपडीमागच्या रानात घेऊन गेली.

तिथे तीन झाडे शेजारी शेजारी उभी होती. साग, पांगारा आणि शिवण. पानापानांतून वारा वाहत होता आणि एकही पान वाजत नव्हते.

"ही दुसरी निवड. लाकूड कोणते?"

"सागाने काय होईल?"

"तुटणार नाही. पण पोचेपर्यंत तुझे खांदे तुटतील."

"आणि पांगारा?"

"फुलासारखा हलका. पहिल्या ओढीला मोडेल."

मेदिनी शिवणीजवळ गेली आणि तिने बोटाच्या पेराने खोडावर टकटक केली. आतून टकटक असे उत्तर आले. बऱ्याच दिवसांनी तिने लाकडाचा आवाज ऐकला होता. तिने खोडावर हात ठेवला, झाडाची क्षमा मागितली आणि एक जाड फांदी स्वतः कुऱ्हाडीने तोडली. हाताला फोड आले.

धूम्रा फांदी घेऊन बसली. "ही तिसरी. पाते रुंद करू की अरुंद?"

"नावाड्यांनी रुंद नेली होती."

"रुंद पाते एका ओढीत पुष्कळ पाणी मागे सारते. बळकटाला ते मानवते. पण जे पाते पाण्याला जास्त धरते, त्याला पाणीही जास्त धरते."

"माझ्या अंगात बळ नाही आणि वाट लांब आहे," मेदिनी म्हणाली. "अरुंद करा. ओढी जास्त माराव्या लागतील, त्या मारीन."

धूम्राने मान हलवली. मग तिने लव्हाळ्यातून एक चिंचोळी डोणी ओढून काढली. एका माणसाने पाय पसरून बसावे एवढीच जागा. "यात तू बसून वल्हवशील. तेव्हा तुझे माप बसवूनच घेते," ती म्हणाली. मेदिनीला तिने डोणीत बसवले, बाहू मोजले, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एक वल्हे घडवले, म्हणजे ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडेल आणि डोणी सरळ जाईल.

"आता भावाचे माप सांग."

मेदिनीला विचार करावा लागला नाही. "उभा राहिला की तो माझ्या कानापर्यंत लागतो. हात वर केला की माझ्या हाताहून वीतभर कमी."

धूम्राने तिच्याकडे क्षणभर पाहिले. "तू सांगशील तसे," ती म्हणाली आणि तिने दुसरे वल्हे घडवायला घेतले. तीन निवडींपलीकडे काही सांगायचे नाही, हा तिचा नियम होता.

सूर्य कलता असताना मेदिनी पाण्यात शिरली. डोणी इतकी डुचमळली की तिने डोळे मिटून घेतले. डोणीच्या पुढच्या टोकावर पाणकावळा बसला होता.

"डोळे उघड," तो म्हणाला. "मिटल्याने पाणी उथळ होत नाही."

तिने वल्हवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे. अरुंद पाती पाण्यात अलगद शिरत आणि अलगद निघत, आणि थेंब पडताना दिसत पण वाजत नसत. अर्ध्या वाटेवर आल्यावर पाण्याने पाते धरून पाहिले. तिला ते बोटांनी चाचपल्यासारखे जाणवले. धरण्याजोगे फारसे काही सापडले नाही तेव्हा त्याने सोडले. खाली, पार खोलवर, काहीतरी फिकट दिसे. तिने दोनदा बघितले, मग बघितले नाही. ज्या नावाड्यांना कुणी परत पाहिले नव्हते, ते तिथे उभे होते.

बेटाजवळ पोचल्यावर पाणकावळ्याची चोच हलली. ऐकू काहीच आले नाही. मेदिनीने "काय?" असे विचारले आणि तिला स्वतःचाही आवाज आला नाही. उरलासुरला आवाज इथे संपला होता.

मग धुक्यातून राजफळी आली. धवल तिच्यावर उभा होता. केस पांढरे, दाढी पोटापर्यंत, पाठीला बाक, आणि कपडे अजून अभिषेकाचेच. डोळे सताड उघडे होते आणि ते कशाकडेही बघत नव्हते. सोन्याचे पाते पाण्यात जाई, येई. त्याचा वरचा हात दांड्याला लोंबकळल्यासारखा दिसत होता.

मेदिनीने डोणी फळीला भिडवली आणि शिवणीचे वल्हे त्याच्यापुढे धरले. त्याने पाहिले. कुठेतरी आत त्याने तिला ओळखले असावे, कारण त्याच्या पापण्या हलल्या. त्याचा एक हात सोन्याच्या वल्ह्यावरून कसाबसा निघाला आणि नव्या वल्ह्याच्या मुठीकडे गेला, आणि पोचला नाही. मूठ त्याच्या बोटांपासून हातभर वर राहिली.

मेदिनीने विशीतल्या भावाचे माप दिले होते. हा भाऊ वाकलेला होता. त्याचा हात पुन्हा सोन्याच्या वल्ह्यावर गेला आणि राजफळीने पुढचे वळण घेतले. त्या वळणासरशी त्याची भुवईदेखील पांढरी झाली.

ती मागोमाग वल्हवीत गेली. तिला त्याचे गुडघे दिसत होते. ते थरथरत होते, ताप चढलेल्या माणसाचे थरथरतात तसे. किती काळ हा उभाच आहे, असे तिच्या मनात आले. साऱ्या राज्याने त्याला हाका मारल्या होत्या. परत ये, थांब, वल्हे टाक, सगळे काही सांगितले होते. बस, असे कोणीच म्हटले नव्हते. तिनेही नाही. स्वतःचे माप बसून दिले आणि त्याचे उभ्याने, कारण तो राजा.

मेदिनीने डोणी पुन्हा भिडवली. मग जिला घोट्याच्या वर पाणी नको असे, ती डोणीतून उठली आणि गुडघ्यांवर रांगत राजफळीवर चढली. फळी कलली. काळे पाणी तिच्या मांड्यांवरून गेले, गार, जाड. तिने फळीची कड धरून ठेवली.

"धवल, बस," ती म्हणाली. आवाज नव्हता, पण तो तिच्या ओठांकडे बघत होता.

त्याचे ओठ हलले. *लोक बघताहेत.*

मेदिनीने आजूबाजूला पाहिले. धुके होते. काठ दिसतही नव्हता. पण हा माणूस एवढे दिवस त्या काठासाठीच उभा होता.

लहानपणी तो जेवायला न येण्याचा हट्ट करी तेव्हा ती करी तेच तिने केले. फळीवर मांडी घालून बसली, अंग चोरून त्याला जागा केली आणि शेजारी हाताने थोपटले. थोपटत राहिली.

राजा धवलसेन आधी एका गुडघ्यावर आला. मग दुसऱ्या. मग त्याचे सगळे अंग सुटले आणि तो तिच्या शेजारी बसला. सोन्याचे वल्हे आता त्याच्या डोक्यावर कुठल्या कुठे गेले होते, तरी ते हातून सुटेना. तो खालच्या हाताने ते धरून होता आणि ते त्याला पुन्हा उभे करू बघत होते.

मेदिनीने शिवणीचे वल्हे त्याच्या बसल्या अंगाशी लावले. पाते पाण्यात, माप त्याच्या नाकापर्यंत. तिथे तिने नखाने खूण केली. मग तो दांडा फळी आणि डोणी यांच्या फटीत घातला आणि सगळा भार टाकला.

काड्.

तो आवाज तळ्यावर पसरला, बेटाला लागून परत आला. मेदिनीने स्वतःचा श्वास ऐकला. तिने आखूड झालेले वल्हे धवलच्या तळहातात दाबून धरले आणि त्याची बोटे एकेक करून त्यावर मिटली. दुसरा हात आपोआप उघडला.

सोन्याच्या पात्याचे वल्हे पाण्यात पडले नाही. ते उभे राहिले. कोणी न धरता त्याने एक ओढ मारली, अगदी बलदंड माणूस मारील तशी, आणि मग सरळ खाली गेले. बराच वेळ खाली जाताना दिसत राहिले.

"ताई," धवल म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्याचा होता. "टोचतंय."

मोडलेल्या दांड्याचे कुसळ त्याच्या तळहातात शिरले होते आणि रक्त येत होते. मेदिनी हसू लागली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिले नाही. तिने पदराचे टोक फाडून दांड्याला गुंडाळले. पाणकावळ्याने मान तिरकी केली, कुठेतरी सळसळ झालेली ऐकली आणि तो पाण्यात दिसेनासा झाला.

परतताना दोघे फळीवर मागेपुढे बसून आले, डोणी मागे बांधून. धवल डावीकडे वल्हवी, मेदिनी उजवीकडे. तो दमला की ती एकटीच दोन्हीकडे वल्हवी. फळी सरळ चालली होती. पाण्याखाली जे फिकट उभे होते ते आता आडवे निजले होते.

काठावर लोक जमले होते. घंटा पुन्हा वाजू लागली होती, मुले कोकलत होती, आणि तरीही त्या गर्दीतून चकार शब्द निघाला नाही. त्यांना दिसत होता एक पांढऱ्या केसांचा म्हातारा राजा, आणि तो बसून येत होता. फळी चिखलाला लागली. धवलने उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. पुन्हा केला. मेदिनीने त्याच्या बगलेत हात घातला, तर तो म्हणाला, "नको ताई. होईल तेवढे होईल." आणि तो चिखलात बसून राहिला, हातात आखूड वल्हे घेऊन, मान खाली घालून. लोकांकडे बघण्याची त्याला लाज वाटत होती.

मुकुटाचे तबक प्रधान गुणवर्धनाच्या हातात होते. दंडक त्याला पाठ होता. तो पुढे आला, आणि राजाचा चेहरा पाहून थांबला. सोने कसे जाळावे, हे त्यानेच विचारले होते. त्याने मुकुट राजाच्या पायांशी चिखलात ठेवला आणि जरीचे धोतर न आवरता तिथेच राजासमोर मांडी घालून बसला.

मग सेनापती बसला. मग भटजी, नावाडी, सुतार, कडेवर मुले घेतलेल्या बायका. पुढची रांग बसली तशी मागची बसली, टेकडीवरची पोरेही बसली. अखेर त्या साऱ्या काठावर उभे असे कोणीच उरले नाही, आणि तेव्हा राजाने मान वर केली.

त्या राज्यात राजे अजूनही मौनसर ओलांडून शिळेला हात लावून येतात. बसून जातात, आपापल्या मापाचे वल्हे घेऊन जातात आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी येतात. धवलसेनाने पुढे पुष्कळ वर्षे चांगले राज्य केले आणि त्याचे केस काही पुन्हा काळे झाले नाहीत. अनोळखी लोक मेदिनीला त्याची मुलगी समजत. ती ते कधी दुरुस्त करीत नसे.